हकीकत गाळलेला गोषवारा

पुणे जिल्ह्याच्या उत्तर भागात पारगाव नावाची एकाहून अधिक गावे आहेत. त्यांपैकी एक आंबेगाव तालुक्यातील, भीमाशंकर सहकारी साखर कारखान्याच्या शेजाराने नावारूपाला आलेले. दुसरे जुन्नर तालुक्यातील, ज्याची नोंद सरकारी दप्तरात आजही 'पारगाव तर्फे आळे' अशा जुन्या महसुली धाटणीने होते. पहिल्या पारगावात मारामारी झाली तर आरोपीला घोडेगावच्या न्यायालयात हजर करतात, दुसऱ्यात झाली तर जुन्नरच्या. आणि प्रकरण खुनापर्यंत गेले म्हणजे दोन्हीकडची माणसे, फिर्यादीच्या बाजूची असोत वा आरोपीच्या, राजगुरुनगरच्या सत्र न्यायालयाच्या व्हरांड्यात पुकाऱ्याची वाट पाहत वर्षानुवर्षे बसत आली आहेत. त्या व्हरांड्यात वकिलाच्या हातात जो कागदांचा गठ्ठा असतो, त्यात वकीलपत्र असते, फिर्यादीची नक्कल असते, घटनास्थळाचा पंचनामा आणि डॉक्टरांचा दाखला असतो, आणि या सर्वांच्या वर, टाचणी लावून, उच्च किंवा सर्वोच्च न्यायालयाच्या एखाद्या निकालाचे पहिलेच पान असते. त्या पानावर न्यायमूर्तींचे स्वतःचे शब्द थोडेच सापडतात. ठळक ठशात छापलेला असतो तो संपादकाने केलेला गोषवारा, ज्याला वकीलमंडळी 'हेडनोट' म्हणतात, आणि त्या हेडनोटमधील एका ओळीवर पिवळ्या शाईचा पट्टा ओढलेला असतो. माणसाचे स्वातंत्र्य पुष्कळदा त्या एका ओळीच्या भरवशावर मागितले जाते आणि त्याच ओळीच्या भरवशावर नाकारले जाते. माझे म्हणणे असे, की फौजदारी खटल्याच्या गोषवाऱ्यात तत्त्वाच्या आधी हकीकत यायला हवी, आणि ज्या गोषवाऱ्यातून हकीकत गाळली गेली आहे तो कितीही सुबक असला तरी न्यायासनापुढे वाचण्याच्या लायकीचा नाही.

गोषवारा नकोच, असे म्हणण्याचा वेडेपणा कोणी करणार नाही. सर्वोच्च न्यायालयाचेच निकाल एवढे आहेत, की ते साद्यंत वाचावयाचे म्हटले तर तालुक्याच्या वकिलाला पक्षकाराशी बोलायलाही उसंत मिळू नये. ही निकड नवी नाही. १८७५ साली हिंदुस्थान सरकारने न्यायनिर्णयांच्या अहवालांविषयी कायदा केला आणि अधिकृत 'इंडियन लॉ रिपोर्ट्‌स' पुढच्याच वर्षापासून निघू लागले. १८९९ मध्ये रतनलाल रणछोडदास यांनी 'बॉम्बे लॉ रिपोर्टर' सुरू केला. आणि त्यानंतर 'ऑल इंडिया रिपोर्टर' हा चितळ्यांचा उद्योग नागपुरास उभा राहिला, ज्याच्या जाडजूड बांधीव खंडांनी पुढे देशातील जवळजवळ प्रत्येक वकिलाच्या बैठकीची भिंत व्यापली. चितळ्यांचे हे काम कोणत्याही ज्ञानकोशकाराच्या कामाहून कमी योग्यतेचे नव्हते, आणि महाराष्ट्राने त्याचे जेवढे कौतुक करावयास हवे होते तेवढे केलेले नाही, असे मला प्रामाणिकपणे वाटते. परंतु कौतुक वेगळे आणि प्रामाण्य वेगळे. हेडनोट हा निकालाचा भाग नव्हे, ही गोष्ट कायद्याच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही सांगतात, आणि सनद मिळाल्यावर तो ती पहिल्याप्रथम विसरतो.

गोषवारा चुकला तर केवढा अनर्थ होतो याचा दाखला आपल्याच उच्च न्यायालयाच्या दप्तरात आहे, आणि तोही देशभर गाजलेल्या खटल्याचा. नौदलातील अधिकारी कावस नानावटी यांच्यावरील खुनाच्या खटल्याची हकीकत सांगण्याची गरज नाही. नाटके आणि चित्रपट यांनी ती घरोघर पोहोचवली आहे. ज्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही ती बाब निराळी. १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेप्रमाणे, पुरावा आणि युक्तिवाद संपल्यावर न्यायाधीशाने ज्युरीपुढे दोन्ही बाजूंच्या पुराव्याचा गोषवारा मांडावयाचा आणि त्याला लागू पडणारा कायदा समजावून सांगावयाचा, असा शिरस्ता होता. नानावटी प्रकरणात ज्युरीने आठ विरुद्ध एक अशा बहुमताने आरोपीला निर्दोष ठरवले. सत्र न्यायाधीशांना ते मत पटले नाही आणि त्यांनी प्रकरण उच्च न्यायालयाकडे धाडले. तेथे ज्युरीचे मत बाजूला सारले गेले ते कशाच्या आधारावर? न्यायाधीशांनी ज्युरीपुढे जे निरूपण केले त्यातच दोष होते, या आधारावर. अपघाताची सबब पुढे करणाऱ्या आरोपीवर ती शाबीत करण्याचा भार असतो ही गोष्ट ज्युरीला नीट सांगितली गेली नव्हती, आणि पुराव्यातील महत्त्वाच्या पत्रांकडे तिचे लक्ष यथायोग्य वेधले गेले नव्हते. २४ नोव्हेंबर १९६१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हाच दृष्टिकोन कायम केला. म्हणजे खुद्द न्यायाधीशाने, सद्‌भावनेने आणि पूर्ण सुनावणीनंतर केलेला गोषवारा जर एखादी महत्त्वाची बाब सुटल्यामुळे सदोष ठरू शकतो, तर निकाल लागल्यावर, दूरच्या शहरातील छापखान्यात, महिनाअखेरचा अंक वेळेवर काढण्याच्या घाईत कोणा अनाम संपादकाने केलेल्या गोषवाऱ्याला आपण वेदवाक्याचा मान कसा देतो? पुढे ज्युरीपद्धतच गेली. तिच्याबरोबर, चुकीचा गोषवारा हा स्वतंत्रपणे तपासण्याजोगा दोष आहे ही जाणीवही गेली, हे मला त्या बदलातील मोठे नुकसान वाटते.

आता सत्र न्यायालयांत बहुधा सर्वांत अधिक वेळा उच्चारल्या जाणाऱ्या एका तत्त्वाकडे वळू. परिस्थितिजन्य पुराव्यावर उभ्या असलेल्या कोणत्याही खटल्यात आरोपीचा वकील उभा राहिला, की 'शरद बिरधीचंद सारडा विरुद्ध महाराष्ट्र राज्य' या १७ जुलै १९८४ च्या निकालाचे नाव घेतल्याशिवाय खाली बसत नाही. त्या निकालात न्यायमूर्ती फाजल अली यांनी अशा पुराव्याच्या पाच कसोट्या सांगितल्या आणि त्यांना 'पंचशील' असे नावही दिले. ज्या परिस्थितीवरून दोष काढावयाचा ती पूर्णपणे शाबीत झाली पाहिजे; शाबीत झालेल्या गोष्टी आरोपीच्या दोषाशीच सुसंगत असल्या पाहिजेत; त्यांचे स्वरूप निर्णायक असले पाहिजे; दोषाव्यतिरिक्त दुसरी प्रत्येक संभाव्य उपपत्ती त्यांनी नाहीशी केली पाहिजे; आणि पुराव्याची साखळी अशी अखंड असली पाहिजे, की आरोपीच्या निर्दोषपणाला वाजवी असे स्थानच उरू नये. वकिलांना हे पंचशील मुखोद्‌गत असते, परिच्छेद १५३ आणि १५४ हे आकडेही तोंडपाठ असतात. परंतु त्या निकालात काय घडले होते असे विचारले, तर सांगणारे थोडेच निघतात.

घडले होते ते पुण्यात, पारगावहून मोटारीने दोन-अडीच तासांच्या वाटेवर. विवाहाला अवघे चार महिने झालेली एक तरुणी १९८२ च्या जूनमध्ये एका रात्री सासरच्या सदनिकेत पोटॅशियम सायनाइडच्या विषाने मरण पावली. पतीवर खुनाचा आरोप आला. सत्र न्यायालयाने फाशी सुनावली आणि उच्च न्यायालयाने ती कायम केली. सर्वोच्च न्यायालयापुढे जो खरा खल झाला, त्याचा मोठा भाग त्या तरुणीने बहिणीला आणि मैत्रिणीला लिहिलेल्या पत्रांविषयीचा आहे: मृत्यूच्या काही काळ आधी लिहिलेला मजकूर मृत्यूच्या कारणाविषयीचे कथन म्हणून पुराव्यात घेता येतो काय, आणि घेतला तर त्यातून खून निघतो की आत्मघाताकडे झुकलेले एक दुःखी मन दिसते, हा तो खल. विषप्रयोगाच्या खटल्यात आरोपीजवळ ते विष होते हे दाखवावे लागते, आणि येथे तसा पुरावा नव्हता, हाही निर्णयाचा कणा आहे. शिवाय आरोपीने दिलेले खोटे स्पष्टीकरण साखळीतील तुटलेली कडी जोडू शकत नाही, आधीच पुऱ्या असलेल्या साखळीला फार तर बळकटी देऊ शकते, असाही त्यात महत्त्वाचा विचार आहे. हे सारे गाळून पाच कसोट्यांची जी वेगळी पट्टी कापली गेली, ती आता बिबट्याच्या वावराच्या उसात सापडलेल्या प्रेताच्या खटल्यालाही चिकटवतात आणि शेवटी सोबत दिसलेल्या दोन मित्रांच्या खटल्यालाही; आणि मूळ प्रकरणाशी साम्य कशात आहे, भेद कशात आहे, हा प्रश्न ना उभा राहणारा विचारतो, ना ऐकणारा.

त्याहून बोलका दाखला त्याच पंचशीलाच्या पहिल्या कसोटीत दडलेला आहे. आरोपी दोषी 'असू शकतो' आणि दोषी 'असलाच पाहिजे' या दोहोंमधील अंतर लांबचे आहे, आणि ते अंधुक तर्काला निश्चित निष्कर्षापासून वेगळे करते, हा विचार सारडा निकालाने १९७३ च्या 'शिवाजी साहेबराव बोबडे विरुद्ध महाराष्ट्र राज्य' या निकालातून घेतला. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांचे ते वाक्य निर्दोष मुक्ततेच्या असंख्य युक्तिवादांत येते. बोबडे प्रकरणात आरोपी सुटले असतील, अशीच ते ऐकणाऱ्याची समजूत होणार. वस्तुतः तेथे सत्र न्यायालयाने सोडलेल्या आरोपींना उच्च न्यायालयाने दोषी ठरवले होते आणि सर्वोच्च न्यायालयाने ती दोषसिद्धी कायम ठेवली. एवढेच नव्हे, तर त्याच निकालात, काही पाने आधी, अय्यर यांनी संशयाच्या फायद्याचा अतिरेक करणाऱ्यांना चांगलेच खडसावले आहे: प्रत्येक बारीकसारीक शंकेला वाजवी संशयाचा दर्जा देऊ नका, हजार अपराधी सुटले तरी चालतील हा सूर खोटा पेच निर्माण करतो, आणि अपराध्यांच्या सहजी सुटण्याने समाजाचा कायद्यावरील विश्वास ढळतो, अशा आशयाचे ते विवेचन आहे. परिणाम असा, की आरोपीचा वकील परिच्छेद १९ वाचतो, सरकारी वकील परिच्छेद ६ वाचतो, आणि दोघेही एकाच निकालाला एकमेकांविरुद्ध साक्षीला उभे करतात. गोषवाऱ्याच्या पहिल्या ओळीत 'सत्र न्यायालयाने सोडले, उच्च न्यायालयाने शिक्षा दिली, शिक्षा कायम' एवढे आठ-नऊ शब्द आले असते, तरी दोघांनाही आपापले वाक्य जरा जपून उच्चारावे लागले असते.

हे झाले आरोपीच्या स्वातंत्र्याविषयी. हकीकत गाळण्याचा फटका दुसऱ्या बाजूलाही बसतो, आणि तेथे तो अधिक क्रूर असतो. त्या वेळच्या चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंज पोलीस ठाण्यात २६ मार्च १९७२ च्या रात्री एका आदिवासी मुलीवर दोन पोलिसांनी अत्याचार केल्याचा खटला सर्वांना ठाऊक आहे. सत्र न्यायालयाने पोलिसांना सोडले, नागपूर खंडपीठाने शिक्षा दिली, आणि १५ सप्टेंबर १९७८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सोडले. त्या निर्णयाचे कायदेविषयक सार दोन ओळींत मावण्यासारखे होते: अंगावर प्रतिकाराच्या खुणा नाहीत, भीतीपोटी गप्प राहिल्याचे शाबीत नाही, म्हणून असंमती सिद्ध होत नाही. असे सार खंडात छापले जाऊन निमूटपणे पुढच्या खटल्यांत आधार म्हणून वापरले गेले असते, तर त्यात नवल नव्हते. परंतु उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लतिका सरकार या चार प्राध्यापकांनी १६ सप्टेंबर १९७९ रोजी सरन्यायाधीशांना उद्देशून एक खुले पत्र लिहिले, आणि त्या पत्राचे सारे सामर्थ्य हकीकतीत होते. मुलीचे वय चौदा ते सोळा; मोलमजुरी करून राहणारी; रात्रीची वेळ; ठाण्याची दारे बंद, दिवे मालवलेले; बरोबरची माणसे बाहेर ताटकळत ठेवलेली. ही माहिती निकालात होतीच, कोणी नव्याने शोधून काढलेली नव्हती. चौघांनी एवढेच केले, की सार बाजूला ठेवून निकाल वाचला. त्यातून उठलेल्या चळवळीने १९८३ मध्ये बलात्काराचा कायदा बदलला आणि पोलिसांच्या ताब्यातील स्त्रीने असंमती सांगितली तर न्यायालयाने ती तशीच गृहीत धरावी अशी तरतूद पुरावा कायद्यात आली.

अशा गाजलेल्या प्रकरणांतून निघून जरा रोजच्या व्यवहाराकडे पाहावे. कल्पना करू, की पारगावच्या शिवारात भावकीतल्या दोन घरांत पाण्याच्या पाळीवरून आणि बांध कोरल्यावरून तंटा झाला, आणि एकाने दुसऱ्याच्या खांद्यावर कोयत्याचा वार केला. पोलिसांनी खुनाचा प्रयत्न म्हणून गुन्हा नोंदवला. आरोपीचा वकील जामिनाच्या अर्जासोबत असा गोषवारा जोडतो, की एकच वार, तोही मर्मस्थानी नाही, आणि संधी असूनही दुसरा वार केला नाही, सबब हा खुनाचा प्रयत्न नव्हे. सरकारी वकील 'महाराष्ट्र राज्य विरुद्ध बलराम बामा पाटील' या १९८३ च्या निकालाचा गोषवारा पुढे करतात, की जखम जीवघेणी असलीच पाहिजे असे नाही, उद्देश महत्त्वाचा. दोन्ही गोषवारे आपापल्या जागी खरे आहेत. परंतु असे निकाल पूर्ण पुराव्यानंतरचे असतात आणि प्रस्तुत प्रसंग जामिनाचा आहे. उद्देश तेथे साक्षीदारांच्या उलटतपासातून निघालेला असतो आणि येथे केवळ फिर्यादीच्या शब्दांत आहे. हत्यार कोणते, जुने वैर होते की नाही, वार धावतपळत झाला की गाठून, या प्रत्येक गोष्टीने पारडे हलते. नेमकी हीच माहिती गोषवाऱ्यात नसते. तालुक्याच्या न्यायाधीशासमोर दिवसाला कित्येक प्रकरणे असतात, आणि त्यालाही मग दोन परस्परविरोधी ओळींमधून एक उचलण्यावाचून गत्यंतर उरत नाही.

त्यातच १ जुलै २०२४ पासून तिन्ही मूळ फौजदारी कायदे बदलले. दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, खुनाच्या शिक्षेचे कलम ३०२ होते ते १०३ झाले, खुनाच्या प्रयत्नाचे ३०७ होते ते १०९ झाले, आणि नव्या संहितेत ३०२ हा आकडा धार्मिक भावना दुखावणाऱ्या उद्‌गारांना दिला गेला. सव्वाशे-दीडशे वर्षांचे गोषवारे जुन्या आकड्यांच्या खुंट्यांना टांगलेले आहेत. नुसते आकडे बदलून ते नव्या खुंट्यांवर आणण्याचे काम सध्या अनेक प्रकाशक करीत आहेत, आणि ते उपयुक्तही आहे. पण कित्येक कलमांची शब्दरचना बदलली आहे, काही कलमे एकत्र केली आहेत, काहींत शिक्षा वाढली आहे, आणि अशा ठिकाणी जुना गोषवारा नव्या आकड्याखाली छापणे म्हणजे जुन्या सातबाऱ्यावर नव्या मालकाचे नाव खरेदीखताशिवाय चढवणे होय.

आणि आता कृत्रिम बुद्धिमत्तेचे यंत्र आले आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये निकालांच्या भाषांतरासाठी 'सुवास' ही यंत्रणा आणली, २०२१ मध्ये संशोधनाच्या साहाय्यासाठी 'सुपेस' आणली, २०२३ पासून आपले निकाल सर्वांना विनामूल्य पाहण्यासाठी खुले केले. त्याबद्दल तक्रारीचे कारण नाही. घोडेगावच्या तरुण वकिलाला पूर्वी ज्या खंडांसाठी पुण्याच्या ग्रंथालयात जावे लागे ते आता त्याच्या भ्रमणध्वनीवर आहेत, ही लहान गोष्ट नव्हे. तक्रार आहे ती यंत्राकडून क्षणार्धात गोषवारा करून घेऊन तो तसाच न्यायालयापुढे ठेवण्याच्या नव्या सवयीविषयी. अस्तित्वातच नसलेले निकाल यंत्र बिनदिक्कत उद्धृत करते, हे २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या एका दाव्यात उघड झाले आणि संबंधित वकिलांना पाच हजार डॉलरांचा दंड झाला. २०२५ च्या ऑक्टोबरात मुंबई उच्च न्यायालयाने आयकराचा एक आकारणी-आदेश इतर कारणांबरोबर अशाच एका कारणावरून रद्द केला. परंतु बनावट निकाल निदान शोधून काढता येतो. नाव टाकले की सापडत नाही. मला अधिक भय वाटते ते खऱ्या निकालाच्या खोट्या साराचे. आपल्याकडील निकालपत्रात दोन्ही वकिलांचे युक्तिवाद अनेक पाने चालतात, खालच्या न्यायालयाची मते चालतात, जुन्या निकालांतील उतारे चालतात, आणि मग कोठेतरी न्यायालय स्वतः बोलू लागते. घाईने सार काढणारा, मग तो मनुष्य असो की यंत्र, हरलेल्या वकिलाचा युक्तिवाद न्यायमूर्तींच्या तोंडी घालतो, अल्पमताचे मत बहुमताचे म्हणून देतो, आणि वाक्य मात्र असे आत्मविश्वासाने लिहितो, की वाचणाऱ्याला शंकाही येऊ नये.

यावर उपाय काय? सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये, 'ईस्टर्न बुक कंपनी विरुद्ध डी. बी. मोडक' या निकालात, मूळ निकालपत्रावर कोणाची मालकी नाही, परंतु संपादकाने त्यात बुद्धी खर्चून घातलेल्या भरीला हक्काचे संरक्षण आहे, असे ठरवले. ठीक आहे. हक्क ज्याचा त्याची जबाबदारीही असावी, आणि म्हणून प्रत्येक हेडनोटखाली ती लिहिणाऱ्याचे नाव छापले जावे, असे मी सुचवतो. नाव आले, की माणूस सावध होतो. दुसरे, न्यायालयांनी हेडनोट ऐकूनच घेऊ नये. परिच्छेदाचा क्रमांक आणि परिच्छेद मागावा, आणि त्या प्रकरणात शेवटी काय झाले हे वकिलाने एका वाक्यात सांगितल्याशिवाय तत्त्वाचा उच्चार करू देऊ नये. काही न्यायाधीश असे करतात, आणि त्यांच्यापुढे उभे राहणारे वकील तयारीने येतात.

आपल्या परंपरेतही याला आधार आहे. पेशवाईपूर्वीचे आणि पेशवाईतले मजहर आणि निवाडपत्रे ज्यांनी वाचली असतील त्यांना ठाऊक असेल, की तेथे निवाडा शेवटी येतो. त्याआधी हाजीर मजलसीची, म्हणजे उपस्थित सभेतील मंडळींची, नावे, वादीची तकरीर, प्रतिवादीची तकरीर, कागदपत्र आणि साक्षी हे सारे क्रमाने येते. वतनाचा तंटा असो की सीमेचा, कोणी काय सांगितले हे आधी आणि त्यावर काय ठरले हे मागाहून, ही त्यांची रीत होती. आजच्या सत्र न्यायालयाच्या मराठी निकालपत्रातही, प्रारंभी डाव्या बाजूस 'मुद्दे' आणि उजव्या बाजूस 'निष्कर्ष' असा जो तक्ता असतो, तो पाहून पुष्कळ जण तेवढ्यावरच समाधान मानतात: 'मयताचा मृत्यू सदोष मनुष्यवधाने झाला हे शाबीत होते काय? होय.' 'तो आरोपीने केला हे शाबीत होते काय? नाही.' परंतु दुसऱ्या मुद्द्याचा नकार का आला, पंच फितूर झाले म्हणून, की मुद्देमाल रासायनिक तपासणीला पाठवण्यास तपासी अंमलदाराने महिने लावले म्हणून, की आधी दिलेला जबाब प्रत्यक्षदर्शीने न्यायालयात नाकारला म्हणून, हे पुढच्या पानांवर असते, आणि पारगावच्या माणसाला कळावयास हवे ते नेमके हेच.

कनिष्ठ न्यायालयांची भाषा मराठी, असे महाराष्ट्र शासनाने १९९८ मध्ये अधिसूचित केले. हेडनोटांची आणि संग्रहांची भाषा मात्र इंग्रजीच राहिली. राजगुरुनगर, जुन्नर, घोडेगाव येथील निकाल कोणत्याही संग्रहात छापले जात नाहीत, कारण ते पुढच्या न्यायालयांवर बंधनकारक नसतात. पण पोलिसाला, सरकारी वकिलाला, नव्याने सनद घेतलेल्या मुलाला शिकण्यासारखे जे असते ते तेथेच असते. तालुक्याच्या वकील संघटनांनी महिन्याला एका खटल्याचा, दोन पानांचा, मराठी गोषवारा काढावा, असे मला सुचवावयाचे आहे. त्यात आधी हकीकत, मग पुरावा कोणता टिकला आणि कोणता पडला, मग कायदा, आणि अखेरीस निकाल व त्यावर अपील झाले आहे काय याची नोंद असावी. नक्कल फीचा खर्च संघटनेने सोसावा. लिहिण्याचे काम कनिष्ठ वकिलांना द्यावे.

अडचण एकच आहे आणि ती खरोखर मोठी आहे. लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणांत पीडितेची ओळख छापणे हा गुन्हा आहे, आणि ओळख म्हणजे केवळ नाव नव्हे. मुंबईच्या खटल्यात 'एका नोकरदार स्त्रीने' असे लिहिले तर कोणी ओळखू येत नाही. पाच हजार वस्तीच्या गावात 'कारखान्यात कामाला असलेल्या गृहस्थाची भाची' एवढे लिहिले की घर सापडते. येथे हकीकत देण्याचा माझा आग्रह आणि कायद्याचा निषेध समोरासमोर येतात. अशा खटल्यांत गावाचे नाव, नाते, व्यवसाय आणि तारीख ही चारही गाळावीत, आणि घटनेचा क्रम, वय, वैद्यकीय पुरावा आणि साक्षीतील विसंगती मात्र ठेवावी, असे माझे मत आहे. आणि मसुदा बाहेर जाण्यापूर्वी, त्या खटल्यात ज्याने कोणत्याही बाजूने वकीलपत्र घेतलेले नाही अशा त्याच तालुक्यातील एखाद्या ज्येष्ठ वकिलाने तो वाचावा, कारण कोणत्या तपशिलावरून गाव कोणाला ओळखील हे पुण्यात बसलेल्या संपादकाला कळणे शक्य नाही.